रानटर्की, ओझार्क आणि दोन वर्षांपूर्वीचा जून

अमेरिकेच्या मिसुरी राज्यात टर्कीच्या शिकारीचा वसंतातला हंगाम २१ एप्रिलच्या जवळच्या सोमवारी उघडतो आणि तीन आठवडे चालतो. त्या पहिल्या सोमवारी, सूर्योदयाच्या अर्धा तास आधी, ओझार्कच्या टेकड्यांवर किती नर आरवतील हे त्या वर्षीच्या एप्रिलवर फारच थोडे अवलंबून असते. ते ठरून गेलेले असते दोन वर्षांपूर्वीच्या जूनमध्ये. तेव्हा जमिनीवरच्या घरट्यातून नुकतीच बाहेर पडलेली, अजून उडता न येणारी पिल्ले गवतातून आईच्या मागे चालत होती. तो जून कोरडा आणि उबदार गेला, गवतात किडे मुबलक असले, तर दोन वर्षांनी डोंगर नरांच्या आवाजाने भरून जातो. तो थंड आणि झडीचा गेला, तर दोन वर्षांनी शिकारी झाडाला पाठ टेकून बसतो आणि त्याच्या कानावर काहीच येत नाही. शिकारी ज्या पक्ष्याची वाट पाहतो आणि अभ्यासकाने ज्या पक्ष्याची मोजदाद करायला हवी, त्या दोघांत हे दोन वर्षांचे अंतर आहे. रानटर्कीचे शास्त्र समजून घ्यायचे तर हे अंतर डोक्यात पक्के बसवावे लागते. पुढची सारी प्रकरणे त्याच अंतराभोवती लिहिली आहेत.

मराठीत टर्कीवर पुस्तक कशाला, असे कोणी विचारील. एखादा मोठा रानपक्षी नाहीसा होण्याच्या काठावरून परतला आणि परतल्यावर त्याची शिकारही नियमाने सुरू राहिली, अशी उदाहरणे जगात थोडी आहेत. त्यातले सर्वांत ठळक उदाहरण टर्कीचे. वन्यजीव व्यवस्थापन ही विद्याशाखा विसाव्या शतकात ज्या मोजक्या प्राण्यांच्या अभ्यासातून घडत गेली, त्यांत या पक्ष्याचा वाटा मोठा आहे. प्राणी मोजायचा कसा, त्याची एकंदर संख्या कशाने वाढते किंवा घटते, माणसाने त्यातले किती घ्यावे, हे प्रश्न आपल्याकडच्या प्रत्येक माळरानाला आणि प्रत्येक अभयारण्याला लागू आहेत. उत्तरे वेगळी असतील. पण प्रश्न मांडायची पद्धत शिकायला ओझार्कइतकी चांगली शाळा मला दुसरी ठाऊक नाही.

आधी पक्ष्याची ओळख. मोर, रानकोंबडा, तित्तिर यांच्याच कुळातला हा पक्षी. शास्त्रीय नाव मेलिआग्रिस गॅलोपाव्हो. उत्तर अमेरिकेत त्याच्या अनेक उपजाती आहेत. मिसुरीतली ती पूर्वेकडची, घनदाट रुंदपर्णी जंगलात रुळलेली. पूर्ण वाढलेला नर आठ ते अकरा किलोंचा, मादी त्याच्या निम्म्याच्या आसपास. नराच्या छातीवर केसांसारखा राठ पिसांचा झुबका लोंबतो, त्याला शिकारी दाढी म्हणतात. पायामागे कोंबड्याला असते तशी आर असते आणि चोचीवरून एक मांसल तुरा खाली येतो. उघड्या डोक्याचा आणि मानेचा रंग मनःस्थितीप्रमाणे लाल, पांढरा, निळा होत जातो. हा रंगबदल हिंदुस्थानात फार पूर्वी नोंदला गेला आहे. १६१२ साली मुकर्रब खान याने गोव्याहून बादशहा जहांगीरसाठी ज्या दुर्मिळ वस्तू आणि प्राणी आणले, त्यांत एक टर्कीही होता. जहांगीरने आपल्या आत्मचरित्रात त्याच्या डोक्याच्या बदलत्या रंगांचे बारकाईने वर्णन केले आणि दरबारी चित्रकार मन्सूर याने त्याचे चित्र काढले. ते चित्र आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. तो पक्षी पाळीव होता. मेक्सिकोत माणसाळवलेल्या वंशातला. समुद्रमार्गे युरोपात आणि पुढे पोर्तुगीजांच्या गोव्यापर्यंत पोचला तो हा पाळीव वंश. ओझार्कमधला रानटी पक्षी कधी कोणाच्या अंगणात नांदला नाही. पाळीव आणि रानटी यांतला हा फरक नुसता वंशावळीपुरता नाही. त्याने एका राज्याची वीसेक वर्षे वाया घालवली, ती हकिकत पुढे येतेच.

ओझार्क म्हणजे मुख्यतः मिसुरीचा दक्षिण भाग आणि त्याला लागून असलेला अर्कान्सासचा उत्तर भाग. जुना, झिजलेला डोंगराळ मुलूख. चुनखडीतले झरे, करंट नदीसारखे स्वच्छ थंड प्रवाह, ओक आणि हिकरीची राने, आणि पूर्वी पाइनची अफाट जंगले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस या जंगलांत रेल्वे शिरली. ग्रँडिन गावातली लाकूडगिरणी विसाव्या शतकाच्या आरंभी देशातल्या सर्वांत मोठ्या गिरण्यांपैकी एक होती. १९०९ मध्ये ती बंद झाली, कारण आसपास कापायला पाइन उरला नव्हता. मागे राहिलेल्या उजाड उतारांवर लोकांनी डुकरे आणि गुरे मोकळी सोडली, दर वसंतात गवतासाठी वणवे लावले आणि पोटासाठी जे दिसेल ते मारले. जमिनीवर घरटे करणाऱ्या पक्ष्याला याहून वाईट परिस्थिती मिळणे कठीण. सबंध देशात १९३० च्या दशकात रानटर्की काही अंदाजांनुसार ३० हजारांच्या घरात उरले होते. मिसुरीत त्या दशकाच्या अखेरीस शिकार बंद करावी लागली आणि १९५० च्या दशकाच्या सुरुवातीलाही राज्यातली संख्या अडीच हजारांच्या आतच होती.

त्यावर पहिला उपाय योजला तो साहजिकच वाटावा असा होता. खुराड्यात टर्की वाढवायचे आणि रानात सोडायचे. १९२० च्या दशकापासून १९४० च्या दशकापर्यंत मिसुरीत असे हजारो पक्षी सोडले गेले. जवळजवळ सगळे संपले. का संपले याचा छडा लावला ए. स्टार्कर लिओपोल्ड या तरुण शास्त्रज्ञाने. वन्यजीव व्यवस्थापनाचे प्रणेते आल्डो लिओपोल्ड यांचा हा मुलगा, मिसुरीच्या वन्यजीव खात्यात काम करत होता. १९४४ साली ‘कॉन्डॉर’ या नियतकालिकात आलेल्या त्याच्या निबंधाचा विषय होता टर्कीतला आनुवंशिक रानटीपणा. त्याने रानटी, पाळीव आणि संकरित पक्ष्यांची तुलना केली. पाळीव रक्त मिसळलेल्या पक्ष्यांचा मेंदू लहान होता, पीयूष ग्रंथी आणि अधिवृक्क ग्रंथी लहान होत्या. ते वसंतात अवेळी लवकर विणीला लागत, धोक्याला उशिरा ओळखत आणि त्यांची पिल्ले कमी जगत. सावधपणा हा शिकवून येणारा गुण नाही, तो रक्तात उतरावा लागतो, हे त्याने मोजमापांनी दाखवले. मला हा निबंध या विद्याशाखेचा पाया वाटतो. त्याने एका उत्साही, लोकप्रिय आणि खर्चिक कार्यक्रमाला पुराव्याने थांबवले, आणि पुढचा रस्ता एकच उरला असल्याचेही दाखवून दिले: जिथे अस्सल रानटी पक्षी अजून तग धरून आहेत तिथून ते पकडायचे आणि जिथे नाहीत तिथे न्यायचे.

पकडायचे कसे हा पेच मोठा होता. रानटर्कीची नजर आपल्यापेक्षा कितीतरी तीक्ष्ण, आणि साध्या सापळ्यांना तो सहसा दाद देत नाही. याच मिसुरीच्या उत्तर भागात स्वान लेक या पाणथळ अभयारण्यात डिल आणि थॉर्न्सबेरी यांनी रानहंस पकडण्यासाठी तोफजाळे तयार केले होते. छोट्या नळकांड्यांतून स्फोटाच्या जोरावर जाळे क्षणात पक्ष्यांवरून फेकले जाते. १९५० साली त्यांनी ते प्रसिद्ध केले. पुढच्याच वर्षी दक्षिण कॅरोलिनात टर्कीवर ते वापरून पाहिले गेले, आणि मग देशभर टर्कीच्या पुनर्वसनाचे ते मुख्य हत्यार बनले. मिसुरीत पकडण्याचे काम १९५४ मध्ये सुरू झाले, मुख्यतः पेक रँच या वनक्षेत्रात. मक्याचे दाणे टाकून पक्ष्यांना सरावाने एका जागी यायला लावायचे, लपणीत तासन्‌तास बसायचे, जाळे टाकायचे, पक्षी खोक्यात घालून त्याच दिवशी नव्या जागी मोकळे करायचे. १९७९ पर्यंत अशा रीतीने २,६११ पक्षी ८७ काउंट्यांतल्या (म्हणजे जिल्ह्यांतल्या) १४२ ठिकाणी सोडले गेले. पंचवीस वर्षांत अडीच हजारांच्या थोडे वर! त्याआधी सोडलेल्या हजारो खुराडी पक्ष्यांनी जे साधले नाही ते या मूठभर रानट्यांनी साधले. पुढे मिसुरीने आपले टर्की इतर राज्यांनाही दिले. केंटकीला टर्की देऊन त्या बदल्यात लुइझियानातली पाणमांजरे मिळवली, आणि आज मिसुरीच्या नद्यांत दिसणाऱ्या पाणमांजरांत त्या देवघेवीचा अंश आहे.

दरम्यान १९६० च्या वसंतात पहिला आधुनिक हंगाम उघडला: तीन दिवस, १४ काउंट्या. शिकाऱ्यांनी मारलेले पक्षी होते ९४. त्या ९४ पासून २००४ च्या वसंतातल्या ६० हजारांवर पोचलेल्या आकड्यापर्यंतचा प्रवास हा या पुस्तकाचा मधला भाग आहे.

त्या प्रवासात अभ्यासकांनाही चकित करणारी एक गोष्ट घडली. टर्की हा अखंड, विस्तीर्ण जंगलाचा पक्षी, हजारो एकर राने असल्याशिवाय तो टिकणार नाही, असा समज सर्वत्र होता. कारण शेवटचे पक्षी उरले होते ते अशाच दुर्गम रानांत. पण उत्तर मिसुरीत, जिथे मक्याची आणि सोयाबीनची शेते, कुरणे आणि ओढ्याकाठच्या झाडीचे पट्टे एकमेकांत गुंतलेले आहेत, तिथे पक्षी सोडले तेव्हा ते ओझार्कपेक्षाही वेगाने वाढले. १९८० च्या दशकात उत्तरेतल्या काही काउंट्यांत टर्कीची दाटी देशात सर्वाधिक समजल्या जाणाऱ्या ठिकाणांत गणली जाई. प्राणी जिथे शेवटी उरतो ती त्याची सर्वांत आवडती जागा असतेच असे नाही. ती त्याला माणसाने सोडलेली जागा असू शकते. माळढोक, तणमोर, लांडगा यांच्याबद्दल आपण जेव्हा बोलतो तेव्हा हा मुद्दा आठवावा, अशी माझी वाचकाला विनंती आहे.

या यशामागे एक सार्वजनिक चौकटही आहे. तिचा विस्तार या पुस्तकात फारसा नाही, पण ती डोळ्यांआड होऊ नये. १९३६ साली मिसुरीच्या मतदारांनी घटनादुरुस्ती करून वन्यजीवांचा कारभार राजकीय नेमणुकांपासून अलग असलेल्या आयोगाकडे दिला. १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याने बंदुका आणि काडतुसांवरचा अबकारी कर राज्यांच्या वन्यजीव कामाकडे वळवला. १९७६ मध्ये मिसुरीच्याच मतदारांनी विक्रीकरात एक अष्टमांश टक्क्याची भर स्वतःहून मान्य केली, केवळ निसर्गसंवर्धनासाठी. शास्त्रज्ञाला पंचवीस वर्षे एकाच पक्ष्यामागे राहता आले ते या पैशामुळे आणि या स्वायत्ततेमुळे.

आता वसंतातल्या शिकारीकडे वळू. ती वसंतातच का, आणि फक्त नरांचीच का? टर्कीचा नर अनेक माद्यांशी जुगतो आणि घरटे, अंडी, पिल्ले यांत त्याचा काहीही भाग नसतो. हिवाळी थवे मार्चमध्ये फुटतात, नर रातथाऱ्यावरूनच आरवायला लागतात, आणि हे आरवणे मैलभर ऐकू जाते. मादी जंगलाच्या कडेला किंवा उंच गवतात जमिनीवर खळगा करून रोज साधारण एक याप्रमाणे दहा-बारा अंडी घालते आणि मग सुमारे २८ दिवस उबवते. ती अंड्यांवर बसली की नर एकाकी पडतो आणि आरवणे पुन्हा जोर धरते. हंगामाची तारीख या वेळापत्रकाला जोडलेली आहे. जुगण्याचा मोठा भाग उरकलेला असावा, बऱ्याच माद्या घरट्याला लागलेल्या असाव्यात, म्हणजे चुकून मादी मारली जाण्याचा धोका कमी होतो आणि नर गेल्याने अंडी वांझ राहण्याची भीती उरत नाही. त्यासाठी फक्त नर, किंवा ज्याला दाढी दिसते असाच पक्षी मारायला परवानगी असते. शिकाऱ्याने दोनपेक्षा जास्त घ्यायचे नाहीत, पहिल्या आठवड्यात एकच. रायफल चालत नाही. छऱ्याची बंदूक किंवा धनुष्यबाण. मारलेल्या पक्ष्याची नोंद त्याच दिवशी रात्री दहापर्यंत कळवायची. ही नोंद सक्तीची असल्यामुळेच दर वसंताचा काउंटीवार आकडा अभ्यासकाच्या हाती पडतो.

शिकारीची रीत ओळखीची नसणाऱ्यांसाठी थोडे सांगतो. शिकारी पहाटे अंधारात जातो, आरवणारा नर हेरतो, दोन-तीनशे पावलांवर झाडाला टेकून बसतो आणि मादीच्या आवाजाची नक्कल करतो. त्यासाठी लाकडी पेटीवर झाकण घासतात, पाटीच्या दगडावर काडी फिरवतात किंवा टाळूला लावायची लहानशी पातळ पट्टी वापरतात. टर्कीच्याच पंखाच्या हाडापासून केलेल्या नळ्याही असतात; त्या बनवण्याची कला मूळ अमेरिकी लोकांपासून चालत आलेली. निसर्गात नर आरवतो आणि मादी त्याच्याकडे जाते. शिकारी हा क्रम उलटा करू पाहतो, म्हणून हे काम अवघड. नर येता येता थांबतो, पिसारा फुलवतो आणि मादीनेच पुढे यावे म्हणून तासभर एकाच जागी उभा राहतो. लाल, पांढरा, निळा हे रंग अंगावर नसावेत हा इथला पहिला धडा. नराच्या डोक्याचे हेच रंग, आणि ते पाहून दुसऱ्या शिकाऱ्याने गोळी झाडल्याचे अपघात घडले आहेत.

वसंतातली ‘परिस्थिती’ म्हणजे नेमके काय, याबद्दल शिकारी आणि अभ्यासक यांच्यात नेहमी गैरसमज होतो. डॉगवूड आणि रेडबड ही झाडे फुलली आहेत, वारा नाही, पहाट थंड आणि निरभ्र आहे, अशा दिवशी आरवणे दूरवर ऐकू येते. पाऊस, जोराचा वारा, अचानक आलेली थंडी यांत नर गप्प होतात. नराभोवती माद्यांचा घोळका असेल तर त्याला ओरडण्याचे कारणच उरत नाही. एप्रिल सरता सरता पालवी दाट होते आणि आवाज पानांत जिरतो. शिवाय स्वयंचलित ध्वनिमुद्रक जंगलात लावून केलेल्या अभ्यासांतून दिसले आहे की शिकारीचा दाब वाढला की आरवणे झपाट्याने घटते. म्हणून ‘यंदा आवाज नाही’ आणि ‘यंदा पक्षी नाहीत’ ही दोन वेगळी विधाने आहेत. पहिले हवामानाबद्दल आणि पक्ष्याच्या वागणुकीबद्दल सांगते. दुसरे विधान करायला पिल्लांची मोजणी हवी.

ती मोजणी मिसुरीत १९५९ पासून अखंड चालू आहे. जून, जुलै, ऑगस्ट या तीन महिन्यांत शेतकरी, टपाल वाटणारे, वनरक्षक, सामान्य नागरिक आपल्याला दिसलेल्या माद्या आणि त्यांच्यासोबतची पिल्ले नोंदवतात. त्यातून निघतो तो दर मादीमागे पिल्लांचा आकडा. दोन किंवा अधिक असेल तर वर्ष चांगले. एकच्या आसपास घुटमळला तर काळजी. आकडा साधा आहे, आणि माझ्या मते या विद्याशाखेतला सर्वांत मोलाचाही आहे. अनेक अभ्यासांत असे आढळते की दर चार-पाच घरट्यांतले जेमतेम एक फळाला जाते. रॅकून, स्कंक, ओपोसम, साप अंडी फस्त करतात. फुटलेल्या अंड्यांतली बहुतेक पिल्ले पहिल्या चार आठवड्यांत मरतात. पहिले दोन आठवडे ती झाडावर चढू शकत नाहीत, आईच्या पंखाखाली जमिनीवरच रात्र काढतात. त्यांना प्रथिने हवीत, म्हणजे नाकतोडे, भुंगेरे, अळ्या हव्यात. आणि त्यांना सहज फिरता येईल असे विरळ, तळाशी मोकळे गवत हवे. ओझार्कमधली पुष्कळ कुरणे आज फेस्क्यू या दाट, चटईसारख्या विदेशी गवताने व्यापली आहेत. त्यात पिल्लू चालू शकत नाही आणि किडेही कमी. जुने विरळ ओकवन आगीच्या अभावी सीडरने भरत चालले आहे. ज्या मुलुखात बेबंद वणव्यांनी टर्की संपवले तिथेच आज वनाधिकारी ठरवून, हवामान पाहून, तुकड्यातुकड्याने आग लावतात. यात विरोधाभास शोधू नये. आगीचा काळ, वारंवारता आणि जागा बदलली की तिचा परिणामही बदलतो.

खाद्याचे दुसरे टोक म्हणजे ओकची टणक फळे. आंब्याला जसे एक वर्ष लगडलेले आणि एक वर्ष ओकेबोके जाते तसे काहीसे ओकचे, फक्त इतक्या नेमाने नाही, आणि भरलेल्या वर्षी टर्की हिवाळाभर रानातच राहतात, रिकाम्या वर्षी शेतांच्या कडेला उतरतात. त्यामुळे हिवाळ्यात रस्त्यावरून दिसणाऱ्या थव्यांवरून संख्येचा अंदाज बांधणे धोक्याचे.

२००४ नंतर आकडा उतरला. २०२१ च्या वसंतात मिसुरीतली शिकार सुमारे ३४ हजारांवर आली. पिल्लांचे प्रमाण त्याआधी कित्येक वर्षे घसरलेले होते, म्हणजे इशारा आधीच मिळालेला होता. मग पिल्लांना काही चांगली वर्षे लाभली आणि २०२३ मध्ये शिकार पुन्हा ४० हजारांपुढे गेली. २०२४ च्या मे-जूनमध्ये तेरा वर्षांनी जमिनीतून बाहेर येणाऱ्या सिकाडा किड्यांची मोठी पिढी मिसुरीत उगवली. टर्कीला आणि पिल्लांना मेजवानी, आणि अंडी शोधणाऱ्या शत्रूंनाही दुसरे सोपे खाद्य. त्या जूनमध्ये जगलेले नर २०२६ च्या वसंतात दोन वर्षांचे होतात. वर्षाचे पिल्लू नर, ज्यांना जेक म्हणतात, कमी आरवतात; दोन वर्षांचे सर्वाधिक आरवतात आणि शिकाऱ्याच्या थैलीत तेच सर्वांत जास्त येतात. पुस्तकाच्या पहिल्या ओळींतले दोन वर्षांचे अंतर ते हेच.

घसरणीच्या कारणांवर एकमत नाही. अधिवास बिघडला, हे सर्वांना मान्य. कातड्यांचे भाव १९८० च्या दशकाच्या अखेरीस कोसळल्यावर रॅकून पकडणारे कमी झाले, हे अनेकांना पटते. नव्या कीटकनाशकांचा आणि विषाणुजन्य रोगांचा वाटा किती, यावर काम चालू आहे. सर्वांत रंगलेला वाद हंगामाच्या तारखेचा. जॉर्जिया विद्यापीठाचे मायकेल चेंबरलेन आणि त्यांचे सहकारी म्हणतात की थव्यातला वरचढ नर विणीच्या ऐन वेळी मारला गेला तर क्रम विस्कटतो आणि जुगणे लांबते. म्हणून हंगाम उशिरा उघडावा. काही राज्यांनी तो ढकललाही. पण टेनेसीत काही काउंट्यांमध्ये हंगाम दोन आठवडे पुढे नेऊन तुलना केली तेव्हा पुनरुत्पादनात फरक पडलेला दिसला नाही. माझा कल दुसऱ्या बाजूकडे आहे. नरांवर घातलेली मर्यादा आवश्यक आहे, पण ती पुरेशी नाही. ज्या जमिनीवर मादी बसते ती जमीन सुधारल्याशिवाय तारखांची हलवाहलव फार काही देणार नाही. तरीही या पुस्तकात चेंबरलेन यांची बाजू पूर्ण ताकदीने मांडली आहे, वाचकाने ती आधी वाचावी.

शिकारीबद्दल मराठी वाचकाच्या मनात अढी असणे मी समजू शकतो. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आणि १९९१ ची दुरुस्ती यांनंतर आपल्याकडे शिकार जवळजवळ संपूर्ण बंद आहे आणि ती तशीच राहावी, असे माझे स्पष्ट मत आहे. मिसुरीचा नमुना उचलून सोलापूरच्या माळावर ठेवता येत नाही, आणि त्याचे कारण जीवशास्त्रात आहे. टर्कीची मादी एका वेळी दहा-बारा अंडी घालते, नराचा पिल्लांशी संबंध नसतो, आणि चांगल्या वर्षी तिची संख्या झपाट्याने भरून येते. माळढोक एका वेळी सहसा एकच अंडे घालतो. अशा पक्ष्याला एकही जादा मृत्यू परवडत नाही, मग तो गोळीने असो की विजेच्या तारेला धडकून. किती घेता येईल हे भावनेने ठरत नाही, परंपरेने तर नाहीच. ते अंड्यांच्या आणि जगणाऱ्या पिल्लांच्या हिशेबाने ठरते, आणि कधी कधी हिशेबाचे उत्तर शून्य असते. सालिम अलींचा पक्ष्यांचा अभ्यास एअरगनने पाडलेल्या एका पिवळ्या गळ्याच्या चिमणीपासून सुरू झाला, हे आपण जाणतोच. बंदूक आणि अभ्यास यांचे नाते आपल्याकडेही जुने आहे. ते नाकारण्यापेक्षा समजून घेणे अधिक उपयोगाचे.

पुस्तक कसे वाचावे याबद्दल दोन शब्द. ज्यांना इतिहासात रस आहे त्यांनी क्रमाने जावे. ज्यांना शास्त्र हवे आहे त्यांनी पिल्लांच्या मोजणीचे प्रकरण आधी वाचावे आणि मग लिओपोल्डच्या निबंधाकडे मागे यावे. आकडेमोडीची भीती बाळगू नये. बेरीज आणि भागाकार येत असेल तर निम्मे पुस्तक सहज उलगडेल. आपल्याकडे तित्तिर, लावा, टिटवी, धाविक असे जमिनीवर घरटे करणारे कितीतरी पक्षी आहेत, आणि त्यांची मोजणी करायला इथली पद्धत थोडा फेरफार करून वापरता येईल.

सेंट लुईस, कॅन्सस सिटी, कोलंबिया, स्प्रिंगफील्ड इथे राहणाऱ्या मराठी वाचकांना मात्र एक खास विनंती आहे. राज्याच्या संवर्धन विभागाच्या पिल्लांच्या पाहणीत कोणालाही भाग घेता येतो. त्यासाठी बंदूक, परवाना किंवा पदवी लागत नाही. जून ते ऑगस्ट या काळात कामावर जाता-येता, शेतांच्या कडेने फिरताना टर्कीची मादी दिसली तर गाडी सुरक्षित जागी थांबवा, तिच्यासोबतची पिल्ले मोजा, तारीख आणि काउंटी लिहा आणि कळवा. एकही पिल्लू नसेल तर तेही कळवा. त्या शून्याची नोंद तितकीच महत्त्वाची आहे.